यशयाची बिनछपराची गाडी

बेलापुरात यशया अमोलिकला ओळखत नाही असा ऊसवाला नाही, आणि यशयावर एकदा तरी चिडला नाही असाही नाही. श्रीरामपूरकडे जाणाऱ्या रस्त्याला मोठ्या चिंचेखाली त्याचं पत्र्याचं वर्कशॉप आहे. उसाची ट्रॉली वाकलेली आणा, चिरलेली आणा, ओढ्यात उलटलेली आणा. यशया ती उभी करून देणार. पण त्याच्या सवडीने, आणि चार शब्द सुनावून. "ट्रॉली हाय का हत्ती? किती भरता रे?" हे ऐकून घेतल्याशिवाय आजवर कुणाची ट्रॉली तिथून बाहेर पडलेली नाही. हात सोन्याचा आणि तोंड विस्तवाचं, असं त्याची बायकोच सांगते.

बायको म्हणजे एलिझाबेथबाई. जिल्हा परिषदेच्या शाळेत जन्म घालवून निवृत्त झालेल्या. निम्म्या गावाला बाराखडी त्यांनी शिकवली, आणि चर्चमध्ये गाणं त्यांनी उचललं की मागच्या बाकावर डुलक्या काढणारेही ताठ बसायचे. हे 'बसायचे' झालं, कारण गेल्या नाताळानंतर बाईंच्या गुडघ्यांनी संप पुकारला. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करा. बाई म्हणाल्या, बघू. घरात काठी टेकत फिरता येई, पण पाय उचलून काही चढायचं म्हटलं की गुडघा मध्येच अडे.

चर्च गावाच्या दुसऱ्या टोकाला. रिक्षाची पायरी उंच, जीपची त्याहून उंच. एका रविवारी बाई रिक्षात अर्ध्या चढल्या आणि तिथेच अडकल्या. आतून एकीने ओढलं, बाहेरून दोघींनी ढकललं, रिक्षावाल्याने "जरा जोर लावा" म्हणून आरोळी दिली. ज्या बाईंच्या नुसत्या बघण्याने वर्ग गप्प व्हायचा, त्यांची पोत्यासारखी चढउतार झाली. त्या दिवसापासून त्यांनी चर्चला जाणं सोडलं. मुलगा नॅथन श्रीरामपुरात एका शोरूममध्ये कामाला आहे. तो दर रविवारी चर्चमध्ये मोबाईल उभा करून सगळं लाइव्ह लावी आणि बाई घरी खाटेवर बसून भक्ती बघत. "पाळकसाहेब अंगठ्याएवढे दिसतात," त्या म्हणायच्या, "आणि गाताना सगळे बेसूर लागतात, ते मात्र मोठ्यांदा ऐकू येतं."

हसत म्हणायच्या. पण भक्ती संपून मोबाईल काळा झाला तरी तो हातातच धरून बसायच्या, आणि ते यशयाला बघवत नसे.

नॅथन म्हणाला, शोरूममधल्या मित्राची गाडी आहे, बसकी आहे, दर रविवारी मागू. यशया उसळला. "घरची गाडी असताना लोकाच्या गाडीत? मान्सं काय म्हनतील?"

ही घरची गाडी म्हणजे वर्कशॉपमागे चिंचेखाली पडलेली एक विलायती कूप मोटार. दोनच दारं, लांबलचक नाक, आणि छप्पर मागे पाठीवर उतरत गेलेलं. कधीकाळी ती मिशन दवाखान्यातल्या एका डॉक्टरांची होती. डॉक्टर परत गेले, गाडी शेडमध्ये राहिली, आणि शेड पाडायची वेळ आली तेव्हा यशयाने ती ओढत आणली. सोन्यासारखी करतो म्हणाला. त्यानंतर नॅथन शाळेत गेला, कॉलेजात गेला, नोकरीला लागला; गाडी तिथेच. कोंबड्यांची मात्र चांगली सोय झाली.

चैत्रातल्या एका सकाळी यशयाने कोंबड्या हाकलल्या, सीट झटकली, आणि एलिझाबेथबाईंना हाताला धरून हळूहळू तिथवर नेलं. चालायला बराच वेळ लागला. पण गाडीशी पोचल्यावर त्याने दार उघडलं तर ते असं मोठं, की कपाटच उघडावं. सीट बुटकी. बाई पाठमोऱ्या झाल्या, खाटेवर टेकावं तशा टेकल्या, आणि दोन्ही पाय एकदम उचलून आत फिरवले. कुणी ओढलं नाही, ढकललं नाही. बाईंनी स्वतःच्या हाताने दार ओढून घेतलं.

"अहो," त्या म्हणाल्या, "हे जमतंय की."

"नाताळला तुला याच गाडीतून चर्चला नेतो," यशया म्हणाला. "शब्द दिला."

"गाडी कशी का असेना. मला दार उघडून बसता आलं म्हणजे झालं."

एवढीच मागणी होती. दुसरा कुणी असता तर त्याने दुसऱ्या इंजिनाची सोय केली असती, ब्रेक पाहिले असते आणि जूनपर्यंत गाडी दारात उभी केली असती. पण यशयाच्या कामाला सरळ रस्ता माहीत नाही. आणि त्यात वैशाखातल्या वादळाने चिंचेची फांदी मोडून बरोबर गाडीच्या छपरावर टाकली. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास.

छपराची परात झाली होती. यशयाने आतून ठोकून ते वर घ्यायला पाहिलं, तर गंजलेला पत्रा पापडासारखा फुटला. एक भोक बुजवलं की शेजारी दोन पडायची. आठवडाभर ठोकाठोक करून त्याने हातोडा भिरकावला आणि ज्या कोंबडीने ते पाहिलं ती चार दिवस अंडं द्यायची थांबली, असं त्याचा जुना सोबती अजिनाथ सांगतो. अजिनाथ रंगारी आहे. ट्रॉलीच्या मागे जी फुलं, मोर आणि देवांची नावं दिसतात ती त्याची. त्याला हात हलवण्यापेक्षा टीका करायला जास्त आवडतं.

त्या रविवारी नॅथनने मोबाईल पुढे धरला. "पप्पा, हे बघा. याला हॉट रॉड म्हणतात. बाहेरच्या देशात अशाच जुन्या गाड्यांचं छप्पर कापून टाकतात. इंजिन उघडं, मागची चाकं रुंद, धुराडं बाजूने बाहेर."

यशयाने चष्मा वर-खाली करत पाहिलं. लाल रंगाची, बिनछपराची गाडी गुरगुरत गेली.

"म्हंजे गाडीची ट्रॉली करत्यात," तो म्हणाला. पण डोळे चमकले होते. ट्रॉली करणं त्याच्याइतकं कुणाला येणार?

घरी त्याने बातमी सांगितली. एलिझाबेथबाई म्हणाल्या, "उघडी गाडी? आणि ऊन?"

"नाताळला कसलं आलंय ऊन? थंडीचे दिवस. शाल घे."

"बरं. दार राहील ना?"

"दाराला कोन हात लावतोय?" यशया म्हणाला, आणि मनाने तो तेव्हाच ग्राइंडरपाशी पोचला होता.

आता यशयाची कामाची एक रीत आहे, ती सांगायला हवी, कारण सगळं घोडं तिथेच पेंड खात होतं. ट्रॉली कामाला घेतली की तो तिची चाकं काढतो आणि तिला पोटाखाली जाड लाकडी ठोकळ्यांवर ठेवतो. मधोमध. दोन्ही टोकं मोकळी, चारी बाजूंनी फिरून काम करता येतं. ट्रॉलीची सगळी ताकद खालच्या लोखंडात असते, ती कुठेही टेकवा, केसभर वाकत नाही. "ताकद खाली, वर नुस्ता पत्रा," हे त्याचं ब्रीदवाक्य. बापाने त्याला शिकवलं आणि त्याने पुढे दहा जणांना शिकवलं. ट्रॉलीच्या बाबतीत त्यात काडीची चूक नाही.

कूपही त्याने तशीच ठोकळ्यांवर घेतली. आणि छप्पर कापलं.

कापलेलं छप्पर दोघांनी उचलून चिंचेला टेकवलं आणि यशयाने मागे सरून पाहिलं. गाडी एकदम वेगळीच दिसत होती, बुटकी आणि मिजासखोर. त्याने दार लोटलं. टक्. एका बोटाने लागलं. उघडलं, पुन्हा लोटलं. टक्.

"अजिनाथ, बघितलं का? कारखान्यातून आल्यावानी."

"बघितलं. आता चाकं लाव म्हंजे कळंल," अजिनाथ म्हणाला. तो काही जाणून बोलला नव्हता. वाईट बोलायची सवय, दुसरं काही नाही. पण यशयाने ते वाक्य पुढे त्याला महिनाभर माफ केलं नाही.

पावसाळाभर काम चाललं. जुन्या जीपचं डिझेल इंजिन बसलं. नाकावरचे दोन्ही बाजूंचे पत्रे काढून इंजिन उघडं ठेवलं. पाण्याच्या पाइपातून धुराडं वळवलं. समोरची काच अर्धी केली. कापलेल्या कडा आत मुडपून इतक्या गुळगुळीत केल्या की अजिनाथने तीनदा हात फिरवला आणि एकदाही नाक मुरडलं नाही. दारांची फट दोन्हीकडे सारखी, पोस्टकार्ड जेमतेम जाईल एवढी. यशया रोज संध्याकाळी घरी येऊन सांगायचा आणि एलिझाबेथबाई भाजी निवडता निवडता ऐकायच्या. त्यांनी उपासनेच्या गीतांच्या पुस्तकाला नवं कव्हर घातलं.

दसऱ्यानंतर रुंद चाकं आली. यशयाने आणि अजिनाथने जॅक लावले, ठोकळे काढले, आणि गाडी आपल्या पायांवर उभी राहिली. यशयाने मालकाच्या ऐटीत डाव्या दाराला हात घातला.

दार उघडेना.

ओढलं. नाही. लाथ घातली. नाही. दोघांनी मिळून हिसका मारला तेव्हा ते करकरत उघडलं, आणि मग लागेना. वरचा कोपरा चौकटीत घुसत होता. जिथे पोस्टकार्ड जात होतं तिथे आता केस जाईना, आणि खाली बोट जाईल एवढी फट.

"चाकंच वाकडी असतील," यशया म्हणाला.

चाकं वाकडी नव्हती. मग बिजागऱ्या. बिजागऱ्या बदलल्या, दुसऱ्या दिवशी दार पुन्हा रुतलं. मग त्याने दाराचा वरचा कोपरा घासला. लागलं. यशयाने सुटकेचा निःश्वास टाकला, अजिनाथला शेजारी बसवलं, आणि गाडी पहिल्यांदा रस्त्यावर काढली. आवाज असा की बांधावरची म्हैस दावं तोडून पळाली. ओढ्याच्या मोरीवर गाडीने उडी खाल्ली आणि अजिनाथच्या बाजूचं दार आपोआप सताड उघडलं. अजिनाथ अर्धा बाहेर. एक पाय हवेत, दोन्ही हात यशयाच्या मानगुटीला.

"मला सोड!" यशया ओरडला.

"तुला सोडल्यावं मी ऱ्हातो का!" अजिनाथ ओरडला.

त्यानंतर अजिनाथने गाडीला रंग द्यायचं कबूल केलं, पण बसायचं नाही.

इथून यशयाचे हाल सुरू झाले. दार घासावं तर मोरीवर उघडतं. कडी घट्ट करावी तर रुततं. पत्रा लावून फट भरली की दुसऱ्या दिवशी नवी फट. गाडी उभी असताना एक माप, त्यात माणूस बसला की दुसरं, रस्त्यावर धावली की तिसरं. उजवं दार धडावर आणलं की डावं रुसायचं. त्याला रात्रंदिवस दारंच दिसायला लागली. घरच्या कपाटाचं दार नीट लागलं तरी त्याला राग यायचा, की हे दमडीचं कपाट लागतं आणि आपली गाडी लागत नाही.

त्यात कारखान्याची मोळी पडली, म्हणजे हंगाम सुरू झाला. आता रोज वर्कशॉपसमोर ट्रॉल्यांची रांग. मोडलेला साखळदंड, चिरलेला कणा, तुटलेली कडी. प्रत्येकाला आत्ताच्या आत्ता हवं, कारण फडात तोडलेला ऊस वाळतोय. यशया वेल्डिंगचा एक डाग लावायचा ट्रॉलीला आणि एक नजर टाकायचा गाडीकडे. ना धड हे, ना धड ते. ज्या माणसाच्या कामात कधी खोट निघाली नाही, त्याच्याकडून एकाच आठवड्यात दोन ट्रॉल्या परत आल्या. तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय, हे त्या दिवसांत यशयाकडे पाहून समजत होतं.

घरी एलिझाबेथबाई विचारायच्या, "काय म्हणतंय दार?"

"दार, दार, दार! दुसरं काही सुचतं का तुला?"

बाई म्हणायच्या, "चिडू नका. नाही झालं तर पुढच्या नाताळला."

हे यशयाला शिवीपेक्षा जास्त लागायचं. पुढच्या नाताळपर्यंत ही खाटेवर बसून अंगठ्याएवढे पाळकसाहेब बघणार?

शेवटी दुखणं कळलं ते देवळाली प्रवऱ्याच्या पुंजारामकडून. हा पुंजाराम म्हणजे बारा महिने तंबाखू आणि तेराव्या महिन्यात काम. ट्रॉलीच्या चाकाला टेकून आपला नंबर येण्याची वाट बघत होता. सगळी झटापट पाहून झाल्यावर म्हणाला, "यशयाभाऊ, रागावू नका. पत्र्याच्या डब्याचं झाकन काढल्यावं डबा हातात पिचकतो ना, तसं हुतंय हे."

यशयाने वाकून गाडीच्या पोटाखाली पाहिलं.

खरं होतं. ही ट्रॉली नव्हती. ह्या गाडीची ताकद खाली नव्हती. छप्पर, खांब आणि खालचा सांगाडा मिळून ती उभी होती. छप्पर गेलं आणि कंबर मोडली. ठोकळ्यांवर असताना पोटाला आधार होता म्हणून दारं शहाण्यासारखी लागली. चाकांवर आल्यावर आधार दोन टोकांना गेला आणि पोट खाली बसलं. सगळी मापं त्याने ठोकळ्यांवर घेतलेली. पावसाळाभराचं काम, पोस्टकार्डाची फट, तीनदा हात फिरवलेल्या कडा, सगळं मुळातच चुकलेलं. बापाने शिकवलेल्या रीतीनेच चुकलेलं, हे त्याहून वाईट. पुंजारामला ट्रॉली आधी करून मिळाली, पण आभाराचा शब्द मिळाला नाही. रात्री घरी यशयाने बाईंना एवढंच सांगितलं, की कापलं म्हणून गाडी वाकते.

उपाय होता. गाडी पुन्हा उचलायची, पोट वर घ्यायचं, दोन्ही दारांखाली लांब लोखंडी चौकोनी पाइप घालायचे, सीटच्या मागे आडवा कणा टाकायचा, आणि मग दारं पहिल्यापासून बसवायची. चांगलं महिनाभराचं काम. डिसेंबर लागला होता. बाहेर ट्रॉल्या उभ्या होत्या.

"पप्पा," नॅथन मोबाईल चाळत म्हणाला, "इथं एक जण दाखवतोय. तो म्हणतो दारं वेल्डिंग करून टाका. चौकटीला एकजीव. मग बॉडी वाकतच नाही."

यशयाने मान वर केली. "अन् बसायचं?" हे अजिनाथने विचारलं.

"टांग टाकून. हे बघा, पोरं कशी उडी मारून बसतात."

"घोड्यावर बसत्यात तसं," यशया म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर कित्येक आठवड्यांनी रक्त आलं. जे दार उघडतच नाही, ते रुतणार कसं आणि मोरीवर उघडणार कसं? इतके दिवस ज्याने छळलं त्याचा कायमचा बंदोबस्त. त्याने त्याच दुपारी गाडीला पोटाखाली जॅक देऊन सरळ केलं आणि दोन्ही दारं वरपासून खालपर्यंत वेल्डिंगने शिवून टाकली. कड्या काढल्या, भोकं बुजवली, घासून एक केलं. संध्याकाळी ती मोरीवरून तीनदा नेली. गाडी दगडासारखी घट्ट. ना करकर, ना कुरकुर.

एलिझाबेथबाईंना तिथवर चालत येणं आता जमत नव्हतं. त्यांना त्याने घरी येऊन सांगितलं, "दाराचा प्रश्न मिटला. आता जन्मात वाजनार न्हाई."

"खरंच?"

"देवाशपथ."

बाईंनी देवाची शपथ घेतल्याबद्दल त्याला रागावलं, आणि लगेच जांभळी इरकल साडी ट्रंकेतून काढून उन्हात टाकली. तुम्ही म्हणाल, माणूस इतका कसा आंधळा होईल? पण दोन महिने एकाच भिंतीवर डोकं आपटून घेतलेल्या माणसाला भिंत पडली एवढंच दिसतं. आपण कुठे निघालो होतो, हे तो त्या वेळी आठवत नाही.

अजिनाथने गाडीला गर्द लाल रंग दिला आणि नाकावर पांढरा तारा काढला. नाताळच्या सकाळी यशयाने कोट घातला, स्टिअरिंगमागे टांग टाकून बसला आणि गाडी घराकडे आणली. गल्लीतल्या बायका रांगोळ्या सोडून बाहेर आल्या. पोरं मागे धावली. नॅथन कधीच चर्चला गेला होता. गाडी फाटकातून आत येताना मोबाईलवर घ्यायची, असं त्याने पाळकसाहेबांनाही सांगून ठेवलं होतं.

एलिझाबेथबाई ओसरीवर तयार उभ्या होत्या. केसांत शेवंती, एका हातात काठी, दुसऱ्या हातात पुस्तक. गाडी पाहून त्यांचा चेहरा असा फुलला की यशयाला दोन महिन्यांचं सगळं विसरायला झालं.

"किती सुंदर केलीत हो!"

एकेक पाऊल टाकत त्या गाडीपर्यंत आल्या. पुस्तक काखेत धरलं आणि हात पुढे केला. हात लाल पत्र्यावरून पुढे गेला, मागे आला, पुन्हा पुढे गेला.

"कडी कुठंय?"

"कडी कशाला, कडी..." यशया म्हणाला.

बाईंच्या मागे उभ्या असलेल्या अजिनाथने नजर खाली घातली.

"थांब, स्टूल आनतो," यशया म्हणाला आणि घरात पळाला. स्टूल आणलं. बाईंनी काठी टेकून एक पाय वर ठेवला. गुडघा तिथे अडला. वर जाईना, खाली येईना. कुणी म्हणालं खुर्ची आणा, कुणी म्हणालं दोघांनी काखेत धरा, तिसरा बाह्या सरसावून पुढे झाला, "बाई, तुमी फक्त अंग सैल सोडा, आमी उचलून आत ठिवतो."

"बाजूला हो," बाई म्हणाल्या. तो त्यांचा विद्यार्थी होता. लगेच बाजूला झाला.

त्यांनी दोन्ही हातांनी पाय धरून स्टुलावरून खाली घेतला. यशयाकडे पाहिलं. आवाज चढवला नाही, त्यांना कधी चढवावा लागतच नसे.

"मला गाडी नको होती हो. मला ते दार हवं होतं."

"दोन तास दे. आत्ता कापतो. ग्राइंडर आनतो आन्..."

"आज नाताळ आहे," बाई म्हणाल्या. "आणि कापलं की पुन्हा वाकेल. तुम्हीच सांगितलंत."

त्या वळल्या आणि ओसरीची पायरी एकेक पाय ओढत चढून आत गेल्या. यशया कोट घातलेला, हात लोंबते ठेवून गाडीपाशी उभा राहिला. स्वतःला शिवी द्यावी म्हणून त्याने तोंड उघडलं, पण आज सणाचा दिवस, बायका-पोरं समोर. पोरांनी तोवर गाडीचा ताबा घेतला होता. चारी बाजूंनी टांगा टाकून ती आत चढली, किती सहज चढली. एकाने हॉर्न वाजवला. यशयाने त्यांना हाकललं नाही.

चर्चची घंटा झाली तसा तो आत गेला. एलिझाबेथबाई खाटेवर बसल्या होत्या. शेवंती तशीच केसांत, साडी तशीच. मोबाईल लावलेला. यशया खाटेच्या कडेला टेकला. बाई थोड्या सरकल्या.

मोबाईलवर पाळकसाहेब वेदीपुढे आले. प्रार्थना झाली. मग ते हसून म्हणाले, "आज आपल्याला एक विशेष आनंद आहे. आपल्या एलिझाबेथबाई जवळपास वर्षाने आपल्यात येत आहेत. यशयाभाऊंनी स्वतःच्या हाताने बनवलेल्या गाडीतून. पहिलं गीत त्या आल्यावर त्याच सुरू करतील. आपण दोन मिनिटं थांबू या."

टाळ्या वाजल्या. बाकं सरकल्याचा आवाज आला, सगळ्यांनी माना वळवल्या असाव्यात. नॅथनने मोबाईल फिरवला आणि दाराबाहेरच्या फाटकावर धरला.

फाटक उघडं होतं. त्यावर झेंडूच्या माळा लावल्या होत्या. रस्त्यावरून एक ट्रॅक्टर गेला, मग एक सायकल गेली. मोबाईल हलला नाही. नॅथनचा हात पहिल्यापासून स्थिर आहे.

"बंद कर ते," यशया म्हणाला.

एलिझाबेथबाईंनी बंद केला नाही. फाटकाकडे बघत त्यांनी पुस्तक उघडलं, पहिलं गीत काढलं आणि पानावर बोट ठेवून त्या थांबून राहिल्या.